रॅम्प आहे, पण चढता येतो का? सुगम्य इमारतींचे नियम आणि त्यांतली मेख

बँकेच्या दारात रॅम्प आहे, पण तो इतका उभा की त्यावरून फक्त स्कूटर चढते. सरकारी कार्यालयात लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोहोचायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. रुग्णालयात दिव्यांगांसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली वॉचमनकडे आहे आणि वॉचमन जेवायला गेला आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहणाऱ्याला ही चित्रे नवीन नाहीत. कागदोपत्री मात्र या तिन्ही इमारती ‘सुगम्य’ असू शकतात, कारण तपासणीच्या तक्त्यात रॅम्प, लिफ्ट आणि स्वच्छतागृह या तिन्हींपुढे बरोबरची खूण झालेली असते.

दिव्यांग व्यक्तींना इमारतींत सहज वावरता यावे यासाठी भारतात नियमांची कमतरता नाही. १९९५ चा कायदा होता, २०१६ चा नवा कायदा आहे, त्याखालचे २०१७ चे नियम आहेत, केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, राष्ट्रीय इमारत संहिता आहे आणि प्रत्येक शहराची विकास नियंत्रण नियमावली आहे. इतके सगळे असून परिस्थिती अशी का, याचे एक महत्त्वाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिले. कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणत होता, पण त्याखालचे नियम ‘केलेत तर बरे’ एवढेच म्हणत होते.

सुगम्य इमारत म्हणजे नेमके काय?

‘सुगम्य’ म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय, सुरक्षितपणे आणि मान राखून आत जाता येणे, आतले काम करता येणे आणि बाहेर पडता येणे. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. चार माणसांनी उचलून वर नेले तर माणूस आत पोहोचतो, पण इमारत सुगम्य ठरत नाही.

या व्याख्येत रस्त्यापासूनचा सगळा मार्ग येतो. बसथांबा, फुटपाथ, फाटक, पार्किंग, प्रवेशद्वार, काउंटर, लिफ्ट, स्वच्छतागृह, बाहेर पडण्याची वाट ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांवरचा खर्च वाया जातो. मुंबईत दुचाकी फुटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांचे उदाहरण बोलके आहे. हे खांब अनेक ठिकाणी इतके जवळजवळ रोवले गेले की दुचाकीबरोबर व्हीलचेअरही अडली. मुंबई उच्च न्यायालयाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. खांबांमागचा हेतू वाईट नव्हता. दोन खांबांमधली जागा किती ठेवायची, हे ठरवताना व्हीलचेअर कुणाच्या डोक्यातच नव्हती.

१:१२ चे गणित

सुगम्यतेच्या नियमांतला सर्वांत प्रसिद्ध आकडा १:१२. म्हणजे १ फूट उंची चढायची असेल तर रॅम्प किमान १२ फूट लांब हवा. हा उतार साधारण पावणेपाच अंशांचा भरतो. हाताने चाके फिरवणारा माणूस स्वतःच्या बळावर चढू शकेल आणि उतरताना खुर्ची हातातून सुटणार नाही, अशी ही मर्यादा आहे. तीही कमाल मर्यादा. उंची जास्त असेल तर उतार याहून सौम्य ठेवावा, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आता हे गणित आपल्या इमारतींना लावून पाहा. दारात प्रत्येकी १५० मिमीच्या तीन पायऱ्या असतील तर एकूण उंची ४५० मिमी होते. १:१२ ने रॅम्प हवा ५.४ मीटर लांब. जोते ६०० मिमीचे असेल तर ७.२ मीटर. एवढी जागा दुकानाच्या किंवा जुन्या बँकेच्या समोर नसते, म्हणून पायऱ्यांच्या कडेला दीड मीटरची सिमेंटची घसरगुंडी ओतली जाते. तिचा उतार पडतो १:३.३, म्हणजे जवळजवळ १७ अंश. त्यावर चढताना व्हीलचेअर मागे उलटू शकते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जाऊ शकतो. असा रॅम्प नसलेला बरा, कारण पायऱ्या निदान ‘येथून जाता येणार नाही’ हे प्रामाणिकपणे सांगतात.

उतार बरोबर असला तरी बाकी गोष्टी राहतातच. सलग ९ मीटरपेक्षा लांब रॅम्प नसावा. मध्ये सपाट जागा हवी, दम घ्यायला आणि वळायला. व्हीलचेअर पूर्ण फिरवायला साधारण दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, म्हणून रॅम्पच्या वर, खाली आणि प्रत्येक वळणावर तेवढी सपाट जागा लागते. दोन्ही बाजूंना कठडा हवा, कारण अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि जाताना जो हात कामाचा असतो तो येताना दुसऱ्या बाजूला येतो. कठड्याला दोन पातळ्यांवर दांड्या असाव्यात, साधारण ७६० आणि ९०० मिमी उंचीवर, म्हणजे बुटक्या आणि बसलेल्या माणसालाही आधार मिळतो. दांडी रॅम्प संपल्यावरही ३०० मिमी पुढे यायला हवी. शेवटचे पाऊल टाकतानाच आधाराची खरी गरज असते.

आणि रॅम्पला फरशी कोणती? आपल्याकडे सार्वजनिक इमारतींना गुळगुळीत ग्रॅनाइटची भारी हौस. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ओल्या ग्रॅनाइटच्या उतारावर कुबडी टेकवून पाहिली तर खरबरीत पृष्ठभागाची अट का घातली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दार, उंबरा आणि लिफ्ट

दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिमी हवी. ‘मोकळी’ म्हणजे दार उघडल्यावर प्रत्यक्ष जायला मिळणारी, चौकटीची नव्हे. इथे हमखास गफलत होते. ९०० मिमीची चौकट बसवली की पल्ल्याची जाडी, बिजागरी आणि पुढे आलेली मूठ वजा जाता उरणारी जागा कमी असते. चाके फिरवणाऱ्याचे हात खुर्चीच्या बाहेर येतात, त्यामुळे तेवढ्या फरकाने बोटांची सालटी निघतात.

उंबऱ्याला आपल्या घरांत मान आहे. नियमांना मात्र तो फारसा मान्य नाही. दारातला उंचवटा १२ मिमीपेक्षा जास्त नसावा, असे ते सांगतात. व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात, ती बोटभर उंबऱ्यालाही अडतात. काठी टेकत चालणाऱ्या आणि पाय ओढत चालणाऱ्या वृद्धांची ठेचही इथेच लागते.

लिफ्टचा प्रश्न आकारापेक्षा ती कुठून सुरू होते याचा जास्त आहे. जुन्या अनेक इमारतींत तळमजला रस्त्यापासून उंच असतो आणि लिफ्ट त्या उंचीवरून सुरू होते. काही ठिकाणी ती दोन मजल्यांमधल्या टप्प्यावर थांबते, मग अर्धा जिना चढा किंवा उतरा. कागदावर लिफ्ट असते, पण व्हीलचेअरसाठी ती नसल्यातच जमा.

महाराष्ट्रात वापरात असलेल्या नियमांत १३ जणांच्या लिफ्टची मापे ठरलेली आहेत. आतली रुंदी २००० मिमी, खोली ११०० मिमी, दार ९०० मिमी. बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला लागतील अशा उंचीवर, ब्रेलमध्ये किंवा उठावदार आकड्यांत हवीत आणि मजल्याची घोषणा आवाजात हवी. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर आरसा असतो तो केस नीट करायला, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर लिफ्टमध्ये खुर्ची वळवता येत नाही तेव्हा उलटे बाहेर पडताना मागचे दिसावे, हा त्याचा मोठा उपयोग आहे.

पार्किंगमध्ये दिव्यांगांची जागा नेहमीपेक्षा रुंद, ३.६ मीटरची हवी आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. रुंदी जास्त कशासाठी? गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावायला. तिथेच दोन स्कूटर उभ्या केल्या की जमिनीवरचे निळे चिन्ह निव्वळ शोभेचे राहते.

स्वच्छतागृह: सगळ्यात जास्त चुका इथे

अनेक शहरांच्या नियमावल्यांत दिव्यांगांच्या स्वच्छतागृहासाठी १५०० बाय १७५० मिमी हे किमान माप वर्षानुवर्षे चालत आले आहे. वर सांगितलेले दीड मीटरचे वर्तुळ आठवा. या मापाच्या खोलीत कमोड आणि बेसिन बसवल्यावर ते वर्तुळ बसतच नाही. खुर्ची आत जाते, पण वळत नाही, आणि कमोडशेजारी लावायला जागा राहत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत याहून बरेच मोठे, साधारण २२०० बाय २००० मिमीचे माप आहे. दोन्ही मापे एकाच देशात, एकाच कामासाठी. आर्किटेक्टने कोणते पाळायचे? जे पाळले नाही तर परवानगी अडेल ते, म्हणजे स्थानिक. लहान माप टिकून राहण्याचे गुपित इथे आहे.

कमोडची उंची व्हीलचेअरच्या बैठकीच्या जवळपास हवी, म्हणजे अंग उचलून नव्हे तर सरकवून बदल करता येतो. मार्गदर्शक तत्त्वे ४५० ते ४८० मिमी म्हणतात. एका बाजूला भिंतीवरचा दांडा, दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा आणि त्या बाजूला वर उचलता येणारा दांडा, अशी रचना असते. दांडा पूर्ण वजन पेलणारा हवा. टॉवेल टांगायची नळी लावून काम भागत नाही, ती भिंतीतून निखळते आणि माणसासकट खाली येते.

दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. यामागचे कारण फार थोड्यांना माहीत असते. आत कुणी पडले तर शरीर दाराला अडते आणि आत उघडणारे दार बाहेरून उघडताच येत नाही. याच कारणासाठी आणीबाणीच्या घंटीची दोरी जमिनीच्या जवळ, पडलेल्या माणसाच्या हाताला येईल इतकी खाली असावी लागते. सफाईच्या वेळी पायात येते म्हणून ती गुंडाळून वर बांधून ठेवलेली पुष्कळ ठिकाणी दिसते.

झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन या खोलीत ठेवू नयेत, असे मात्र कुठल्या नियमात वेगळे लिहिलेले नाही. ते लिहावे लागेल असे नियम करणाऱ्यांना वाटले नसावे.

व्हीलचेअरच्या पलीकडे

सुगम्यता म्हटले की व्हीलचेअरचेच चित्र डोळ्यासमोर येते, कारण चिन्हही तेच आहे. पण २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, पार्किन्सनग्रस्त, कुष्ठरोगमुक्त, ठेंगू या सगळ्यांच्या इमारतीकडून अपेक्षा वेगळ्या आहेत, कधी कधी तर एकमेकींच्या विरुद्धही. फुटपाथचा उतार रस्त्याशी अगदी सपाट जुळवला तर व्हीलचेअरला उत्तम, पण फुटपाथ कुठे संपला हे अंध माणसाच्या काठीला कळत नाही. म्हणून तिथे उठावाच्या पिवळ्या फरश्या लावतात.

या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. त्यांची भाषा दोनच शब्दांची आहे. लांब पट्ट्या म्हणजे या दिशेने चालत राहा, गोल ठिपके म्हणजे सावध, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे त्या रेल्वे स्थानकांत, मेट्रोत आणि नव्या फुटपाथांवर सर्रास दिसतात. पण पट्ट्यांची वाट थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते किंवा ठिपके नक्षी म्हणून कुठेही पेरलेले असतात, तेव्हा ती भाषा खोटे बोलते. डोळसांना हा विनोद वाटतो, समाजमाध्यमांवर असे फोटो फिरतातही. त्या फरशीवर भरवसा ठेवून चालणाऱ्याचे कपाळ फुटते.

पिवळा रंगही उगाच नाही. अल्पदृष्टीच्या माणसाला तो भोवतालच्या करड्या फरशीतून उठून दिसतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी आणि काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला खूण हीदेखील त्याच कारणासाठी सांगितलेली आहे. कर्णबधिरांना आगीचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून लुकलुकणारा दिवा हवा. टोकन क्रमांक नुसता पुकारून चालत नाही, फलकावर दिसायला हवा.

आगीच्या प्रसंगी आणखी एक पेच उभा राहतो. लिफ्ट बंद ठेवायची असते, मग सहाव्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवाल्याने काय करायचे? त्यासाठी आगीपासून काही काळ सुरक्षित राहील अशी जागा जिन्याजवळ ठेवणे, तिथून संपर्काची सोय असणे आणि सुटकेच्या आराखड्यात अशा माणसांचा विचार असणे आवश्यक आहे. आत आणण्याचा विचार होतो तितका बाहेर काढण्याचा होत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. ती गणना जुन्या, कमी प्रकारांच्या आधारे झाली होती. गुडघे गेलेले ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, पाय प्लास्टरमध्ये असलेली माणसे या आकड्यात नाहीत. रॅम्पचा उपयोग त्यांनाही होतो.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या कायद्यात अडथळामुक्त इमारतींची तरतूद होती, पण तिला ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली होती. पैसे नाहीत म्हटले की विषय संपायचा. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मान्य केला आणि त्याला धरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

या कायद्यातली ‘सार्वजनिक इमारत’ फक्त सरकारी नाही. जनता जिथे जाते ती कोणतीही सरकारी वा खासगी इमारत त्यात येते. शाळा, कामाची ठिकाणे, दुकाने, रुग्णालये, न्यायालये, पोलीस ठाणी, बसस्थानके, नाट्यगृहे आणि धार्मिक स्थळेसुद्धा.

कलम ४० प्रमाणे केंद्र सरकारने सुगम्यतेची मानके ठरवणारे नियम करायचे. कलम ४४ म्हणते की आराखडा त्या नियमांप्रमाणे नसेल तर बांधकाम परवानगी द्यायची नाही, आणि बांधकाम नियमांप्रमाणे झाले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही आणि इमारत वापरूही द्यायची नाही. हे कलम कायद्याचा खरा दात आहे. नव्या इमारतीत दार रुंद ठेवायला किंवा रॅम्पला जागा सोडायला फारसा जादा खर्च येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळून गेल्यावर तेच करायचे तर भिंती फोडाव्या लागतात. बिल्डर भोगवटा प्रमाणपत्रासाठी धावत असतो तेव्हाच पालिकेच्या हातात नाडी असते.

जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ मध्ये नियम निघाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती आणि सेवा देणाऱ्यांसाठी कलम ४६ मध्ये २ वर्षांची. पहिले नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. म्हणजे सेवांची मुदत २०१९ च्या जूनमध्ये आणि इमारतींची २०२२ च्या जूनमध्ये संपली.

त्यानंतरची गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणीला लग्नाची नोंदणी करायची होती. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अधिकारी सह्यांसाठी खाली यायला तयार नाहीत. शेवटी तिला उचलून वर न्यावे लागले. तिने ही हकीकत समाजमाध्यमावर लिहिली, ती देशभर पोहोचली आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त करून दखल घेतल्याचे सांगितले. खरे तर तिथे इमारतीचा प्रश्न नंतरचा होता. रजिस्टर घेऊन दोन मजले खाली उतरण्याला बांधकाम परवानगी लागत नाही.

कायदा मोडला तर शिक्षा काय? कलम ८९ नुसार पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख. पहिल्या दंडाची रक्कम एका नीट रॅम्पच्या खर्चापेक्षा कमी आहे, हे कुणाच्याही लक्षात यावे.

सर्वोच्च न्यायालयाने नियम का रद्द केला?

राजीव रतुडी या दृष्टिबाधित कार्यकर्त्यांनी सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १५ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना मुदतीसह निर्देश दिले. दरम्यान ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राचे ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले होते. मुदती आल्या, गेल्या. काम किती झाले हे पाहण्यासाठी न्यायालयाने २०२३ मध्ये हैदराबादच्या नाल्सार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राला अहवाल द्यायला सांगितले.

त्या अहवालातून कायद्याचीच साखळी कुठे तुटली आहे ते दिसले. २०१७ च्या नियमांतला नियम १५ स्वतः कोणतेही माप सांगत नव्हता. तो केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवत होता. आधी २०१६ ची, २०२३ मधल्या दुरुस्तीनंतर २०२१ ची. आणि ती तत्त्वे बहुतांशी शिफारशींच्या भाषेत लिहिलेली होती. अनेक ठिकाणी पर्याय, अनेक ठिकाणी ‘शक्यतो’. कलम ४४ म्हणते नियम पाळला नाही तर परवानगी नाही. पण नियमच ‘शक्यतो’ म्हणत असेल तर पाळला नाही असे कुठल्या आधारावर ठरवणार?

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यता टप्प्याटप्प्याने गाठायची असली, तरी तडजोड न करता येणारी किमान पातळी असलीच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. नियमाने वर छत दाखवले होते, पायाखाली जमीन ठेवलीच नव्हती. केंद्राने शिफारशींमधून बंधनकारक भाग वेगळा काढून तीन महिन्यांत नियम करावेत, असा आदेश देण्यात आला. जी मापे चांगली पण सक्तीची करणे अवघड, ती मार्गदर्शक म्हणून राहू शकतात.

निकालात आणखी एक भेद स्पष्ट केला आहे. सुगम्यता आणि वाजवी सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारत सगळ्यांसाठी आधीच तयार असणे ही सुगम्यता. एखाद्याच्या खास गरजेप्रमाणे त्याच्यापुरता बदल करून देणे ही वाजवी सोय. ‘कुणी आले तर आम्ही उचलून नेऊ’ हे पहिलीच्या जागी दुसरे दाखवण्याचे उदाहरण. जुन्या इमारतींमध्ये बदल व्हायला वेळ लागेल, तोवर वाजवी सोय हा पूल आहे. नव्या इमारतीला ती सबब नाही.

महाराष्ट्रात काय लागू होते?

मुंबईला स्वतःची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे. राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे आणि तिच्या १३ व्या प्रकरणात अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता आपोआप सक्तीची होत नाही, स्थानिक नियमावलीने ती स्वीकारावी लागते. त्यामुळे आपल्या शहरातल्या इमारतीविषयी बोलताना आधी स्थानिक नियमावली पाहणे उपयोगाचे, कारण पालिकेचा अभियंता तीच उघडतो.

हाउसिंग सोसायट्यांचा प्रश्न जरा नाजूक आहे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत राहते घर नाही, त्यामुळे जुन्या सोसायटीला ५ वर्षांची मुदत सरळ लावता येत नाही. पण कायद्यातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी संस्था आणि सहकारी संस्था आहेत, आणि परवानगीविषयीचे कलम ४४ आस्थापनेच्या ‘कोणत्याही बांधकामा’बद्दल बोलते. म्हणजे नव्याने उभ्या राहणाऱ्या किंवा पुनर्विकासाला जाणाऱ्या इमारतीत हा मुद्दा ठामपणे मांडता येतो. लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत तरुणपणी घर घेतलेली पिढी आज सत्तरीत आहे. पुनर्विकासाच्या करारात वाढीव चौरस फुटांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. प्रवेशाला पायरी नको, लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून हवी, बाथरूमचे दार ९०० मिमीचे हवे, या तीन ओळी आराखडा मंजूर होण्याआधी घालायला काहीच लागत नाही. नंतर त्यासाठी सर्वसाधारण सभा, पार्किंग जाणार म्हणून भांडणे आणि वर्गणी, हे सगळे आलेच.

तक्रार कशी करायची?

आधी मोजायचे. नुसत्या ‘रॅम्प फार चढा आहे’ या वाक्याला उत्तर देणे सोपे असते. दारापुढची उंची आणि रॅम्पची लांबी टेपने मोजून लिहिली, दाराची मोकळी रुंदी लिहिली, फोटोत टेप दिसेल असे पाहिले तर तक्रारीचे वजन वाढते. समाजमाध्यमावर टाकायचे झाले तरी हेच. फोटोत कुणाला उचलून नेत असतील तर त्या व्यक्तीची परवानगी घेतल्याशिवाय तो टाकू नये.

पहिली तक्रार इमारतीच्या मालकाकडे किंवा कार्यालयाच्या प्रमुखाकडे, नव्या बांधकामाबाबत पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे. केंद्राचे ‘सुगम्य भारत’ ॲप २०२१ पासून आहे, त्यावर फोटोसह अडथळा नोंदवता येतो. त्यानंतरचा दरवाजा राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला आहे.

आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रे मागवता येतात. मात्र ते शेवटी शिफारस करतात. ती ज्या प्राधिकरणाला केली त्याने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचे असते. शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणे त्याच मुदतीत आयुक्तांना द्यायची आणि तक्रारदारालाही सांगायची, असे कलम ८१ मध्ये आहे. ही लेखी कारणे जपून ठेवावीत. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले तर तोच पहिला कागद लागतो.